कपाटात पडून राहिलेली साखर : एका कारखान्यातल्या तपासणीचं प्रकरण

पिंपरी-चिंचवड पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना. तीन पाळ्या, मोठं मशिन शॉप, एक हीट ट्रीटमेंट, पॅकिंगला बहुतेक बायका, आणि कायम कामगारांच्या बरोबरीने ठेकेदाराची माणसं. कारखान्याचं नाव देत नाही आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आधीच्या डॉक्टरांनी काम सोडल्यावर तिथलं आरोग्य केंद्र माझ्याकडे आलं, आणि पहिल्याच महिन्यात ही केस समोर आली.

शॉपमध्ये त्यांना सगळे अण्णा म्हणतात. वय ४४, सीएनसी लेथवर (संगणकाने चालणाऱ्या लेथवर) ऑपरेटर, जुने कायम कामगार, अंगकाठी बारीक. दुसरी पाळी सुटल्यावर लॉकर रूममध्ये बूट काढला तर मोजा ओला. शेजारचा म्हणाला, "अण्णा, रक्त आहे," तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. सेफ्टी शूची आतली शिवण उसवून कडक झाली होती आणि अंगठ्याच्या मुळाशी घासून घासून रुपयाएवढी कातडी निघाली होती. दुखलं नाही का, असं विचारलं तर म्हणाले, "कळलंच नाही हो डॉक्टर."

कळलंच नाही, हे ऐकून कुठल्याही डॉक्टरच्या मनात पहिल्यांदा एकच गोष्ट येते. नायलॉनचा एक जाड तंतू असतो. तो तळपायावर टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. अण्णांना डोळे मिटायला सांगून तळव्यावर ठिकठिकाणी तो टेकवला. टाचेवर "हो" म्हणाले, मधल्या भागात "हो" म्हणाले, बोटांच्या मुळाशी आलो तसे गप्प. मी तंतू लावतोय हेच त्यांना समजत नव्हतं. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी साखर १७८ आली, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ९.४. उपाशीपोटी १२६ आणि एचबीए१सी ६.५ या मधुमेहाच्या रेषा. अण्णांनी दोन्ही केव्हाच ओलांडल्या होत्या.

मग त्यांची जुनी फाइल मागवली. ती आरोग्य केंद्रात नव्हती. पर्सोनेल म्हणजे कर्मचारी विभागाच्या लोखंडी कपाटात, पीएफच्या नॉमिनेशन फॉर्मच्या शेजारी सापडली. मागच्या तीन वर्षांच्या वार्षिक तपासणीचे कागद त्यात नीट टाचलेले होते. साखर : १६८, पुढच्या वर्षी १८७, त्याच्या पुढच्या वर्षी २१४. तिन्ही वेळा आकडा ठळक अक्षरांत छापलेला, आणि तिन्ही कागदांवर खाली शिक्का : "कामास योग्य".

अण्णांना यातलं काहीही कुणी सांगितलं नव्हतं.

दडवलं कुणीच नव्हतं

इथे खलनायक शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. बाहेरच्या एजन्सीला माणशी दराने तपासणीचं काम दिलेलं होतं. तपासणी करायची, अहवाल छापायचे, खोक्यात भरून पोचवायचे आणि बिल लावायचं, एवढाच करार. तो त्यांनी पाळला. पर्सोनेलच्या कारकुनाने कागद ज्याच्या त्याच्या फाइलला लावले, त्याचंही काम झालं. ऑडिटच्या वेळी तपासणी झाल्याचे कागद दाखवता आले की व्यवस्थापन समाधानी. त्या कागदातला आकडा वाचून संबंधित माणसाला बोलावणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं, म्हणून ते कुणी केलं नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी करणं त्यामुळे मालकांवर आलं. चांगली गोष्ट आहे. पण अण्णांची तपासणी कायद्याची वाट न पाहता तीन वर्षं होतच होती, हे विसरून चालणार नाही. उलट आता अशी खोकी भराभर भरतील अशी मला धास्ती वाटते.

आकड्यांबद्दल न्यायाने एक सांगायला हवं. १६८ म्हणजे मधुमेह असं म्हणता येत नाही. बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर घेतलेला, जेवणाची वेळ न विचारता घेतलेला आकडा तो. १०० च्या पुढे या यंत्रांना १५ टक्के इकडेतिकडे होण्याची मुभा मापदंडातच आहे, म्हणजे खरी साखर १८० असताना यंत्र १५३ ही दाखवेल आणि २०७ ही. कधीही घेतलेल्या रक्तात साखर २०० च्या वर आणि जोडीला लक्षणं, असं असेल तरच तेवढ्यावर निदान करता येतं. लक्षणं नसतील तर दुसरी चाचणी लागते. पण लक्षणं आहेत का हे विचारायला माणूस समोर बसवावा लागतो. अण्णांना लक्षणं होती. रात्री तीन-चारदा लघवीला उठायचे. तिसऱ्या पाळीत चहा जास्त होतो म्हणून असेल, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. वजन उतरलं ते ओव्हरटाइममुळे, असं घरच्यांनी ठरवलं होतं.

बारीक माणसाला कसली शुगर?

हे वाक्य शॉपमध्ये मी इतक्यांदा ऐकलं की त्याचा वेगळा विचार करावा लागला. याचं उत्तर पुण्यातच आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीचा, अशी आपल्याकडची ठेवण आहे. म्हणून भारतीयांसाठी वजनाची धोक्याची रेषा बीएमआय २३ ला धरतात, आणि कंबर पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८०.

अण्णांची कंबर ८८ भरली. चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या संस्थेने तयार केलेला धोका-गुणांक देशात बऱ्याच ठिकाणी वापरतात. त्यात वय, कंबर, हालचाल आणि आईवडिलांपैकी कुणाला मधुमेह आहे का, एवढंच विचारतात. रक्त लागत नाही. अण्णांचे गुण मांडून पाहिले. वय ३५ ते ४९ मध्ये, म्हणून २०. कंबर ९० च्या आत, शून्य. कष्टाचं काम आहे पण वेगळा व्यायाम नाही, २०. आईला मधुमेह होता, १०. एकूण ५०. जास्त धोका धरतात ६० पासून. म्हणजे आधी गुणांक भरून घेऊन फक्त ६० च्या वरच्यांचं रक्त तपासायचं ठरवलं असतं, तर अण्णा त्या चाळणीतूनही निसटले असते. गुणांक वाईट आहे असं मी म्हणत नाही. खेड्यापाड्यात, जिथे हजारोंतून काहींचंच रक्त तपासणं परवडतं, तिथे तो कामाचा आहे. पण कारखान्यात माणूस रोज फाटकातून आत येतो, रक्त काढायची सोय आहे, खर्च मालकाचा आहे. तिथे पस्तिशीपुढच्या सगळ्यांचं रक्त तपासावं, असं मी व्यवस्थापनाला सांगितलं आणि ते मान्य झालं.

देशाचा हिशेब डोळ्यांसमोर होताच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 'इंडियाब' या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशभरच्या पाहणीत प्रौढांतलं मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांचं १५.३ टक्के आलं. माणसांत मोजलं तर अनुक्रमे सुमारे १० कोटी आणि साडेतेरा कोटी. अण्णा एकटेच असतील असं मानायला काही जागा नव्हती.

नोटीस बोर्डावरची यादी

तपासणी पुन्हा करायची ठरली, पण लोक यायला तयार होईनात. टोकन घ्यायचे आणि रांगेतून हळूच कटायचे. कारण शोधत गेलो तर मागच्या एका शिबिराची गोष्ट कानावर आली. शिबिर झाल्यावर कुणा उत्साही माणसाने "खालील कामगारांनी डॉक्टरांना भेटावे" अशी नावांची यादी थेट नोटीस बोर्डावर लावली होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिच्या डोक्यावर कुणीतरी बॉलपेनने "गोड मंडळी" असं लिहून ठेवलं. यादीतले निम्मे लोक मग डॉक्टरांकडे फिरकलेच नाहीत.

थट्टा वरवरची होती. खाली भीती होती, आणि ती निराधार नव्हती. तिसऱ्या पाळीचा भत्ता आणि ओव्हरटाइम यावर घराचे हप्ते बसवलेले असतात. "शुगर निघाली की जनरल शिफ्टला टाकतील, भत्ता गेला," हे कायम कामगारांचं म्हणणं. "व्हीआरएसची (स्वेच्छानिवृत्तीची) यादी काढतील तेव्हा आधी आजारी माणसंच बघतील," हे जुन्यांचं. ठेकेदाराच्या माणसाला तर भत्त्याचाही विचार करायची चैन नाही. त्याला उद्या फाटकावर "आजपासून येऊ नको" एवढंच ऐकावं लागतं. अण्णांनी जखम झाल्यावर मला पहिला प्रश्न विचारला तो पायाचा नव्हता. "हे वर कळवावं लागतं का?" असं त्यांनी विचारलं होतं.

युनियनशी बोलणी झाली ती याच मुद्द्यावर, आणि युनियनने लावून धरलं ते बरोबर होतं. शेवटी असं ठरलं : रक्ताचे अहवाल पर्सोनेलकडे जाणार नाहीत. ते आरोग्य केंद्रात कुलपात राहतील, किल्ली डॉक्टर आणि नर्सकडे. व्यवस्थापनाला दोनच गोष्टी मिळतील, किती जणांची तपासणी झाली हा एकूण आकडा आणि प्रत्येकाचा कामास योग्य असल्याचा दाखला. त्यावर गरज असेल तर "उंचीवर काम नको" अशी अट लिहायची, आजाराचं नाव लिहायचं नाही. प्रत्येकाला अहवाल बंद पाकिटात, हातात. पाकीट सगळ्यांनाच, म्हणजे पाकीट मिळालं यावरून काही ओळखता येणार नाही. आणि पाळी ठरवताना मधुमेह हे कारण एकट्याने वापरायचं नाही. हे शेवटचं वाक्य करारात घालायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

शुक्रवार सकाळ

आधीची शिबिरं सकाळी दहाला व्हायची. तिसरी पाळी सातला सुटते; त्यांना थांबवून ठेवायचे आणि "उपाशीपोटी" म्हणून रक्त घ्यायचे. रात्रभर थर्मासमधला चहा, साखर आधीच घातलेला, आणि ग्लुकोजची बिस्किटं. त्या रक्ताला उपाशीपोटी म्हणणं ही शुद्ध फसवणूक होती, ती कुणी जाणूनबुजून केली नव्हती एवढंच.

म्हणून पहिली चाचणी एचबीए१सी ठेवली. तिला उपाशी राहावं लागत नाही, कुठल्याही पाळीत रक्त घेता येतं, आणि प्रयोगशाळेत पाठवता येतं. ५.७ च्या पुढे ज्यांची आली त्यांची उपाशीपोटी साखर दुसऱ्यांदा तपासायची. ती कधी घ्यायची हे एका वेल्डरने सुचवलं. आमच्या पट्ट्यात औद्योगिक सुट्टी गुरुवारची असते. शुक्रवारी पहिल्या पाळीला येणारा माणूस गुरुवारी रात्री घरी जेवून झोपलेला असतो आणि सकाळी चहा पिण्याआधी फाटकात येतो. त्यामुळे रक्त शुक्रवारी, कार्ड पंच करण्याआधी, आणि लगेच कॅन्टीनमध्ये नाश्त्याचं कूपन. पाळ्या फिरत असल्याने तीन आठवड्यांत सगळे पहिल्या पाळीत येऊन जातात. इतकी साधी गोष्ट कुठल्याच पुस्तकात नव्हती.

एचबीए१सीवर आंधळा भरवसा मात्र ठेवता येत नाही, विशेषतः आपल्याकडे. पॅकिंगमधल्या दोघी-तिघींची एचबीए१सी उंबरठ्यावर आली आणि उपाशीपोटी साखर अगदी सरळ. त्यांचं हिमोग्लोबिन कमी होतं; लोहाची कमतरता असली की हा आकडा खोटा वर जातो. त्यांना साखरेवरच्या नव्हे, लोहाच्या गोळ्यांची गरज होती. उलट ठेकेदाराकडे नंदुरबार आणि गडचिरोलीकडची मुलं बरीच. तिकडे सिकलसेलचं, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचं, प्रमाण आहे, आणि सिकलसेलच्या रक्तात एचबीए१सी फसवी येऊ शकते. त्यांच्यासाठी आम्ही थेट साखर तपासली, उपाशीपोटी आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनी.

पाकीट देणं हे काम आम्ही नर्सबाईंकडे दिलं, आणि सोबत एक नियम : मधुमेह निघालेला माणूस दोन आठवड्यांच्या आत डॉक्टरसमोर बसला पाहिजे, तो आला नाही तर नर्सबाई फोन करतील, सुपरवायझरमार्फत निरोप जाणार नाही. त्या बाईंचं कौतुक केलं पाहिजे. "दादा, एकदा येऊन जा, बीपी बघायचंय," असा निरोप त्या द्यायच्या. बीपीला कुणी लाजत नाही.

गोळ्यांचे पैसे

निदानानंतरचा टप्पा सगळीकडे दुर्लक्षित असतो, आणि इथेच एक विचित्र गोष्ट दिसली. ईएसआय या सरकारी कामगार विमा योजनेची वेतनमर्यादा २०१७ पासून २१,००० रुपये आहे. ठेकेदाराची माणसं त्या मर्यादेच्या आत, म्हणजे त्यांना ईएसआयच्या दवाखान्यातून तपासण्या आणि गोळ्या मिळतात. अण्णांसारखा कायम कामगार मर्यादेच्या वर. त्याला कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम. तो मेडिक्लेम दवाखान्यात भरती झाल्यावर पैसे देतो. दर महिन्याच्या गोळ्या, तीन महिन्यांची चाचणी, डोळ्यांची तपासणी यांतलं काहीही त्यात बसत नाही. पाय कापावा लागला तर विमा खर्च देणार, पाय वाचवणाऱ्या गोळ्यांना देणार नाही. व्यवस्थापनापुढे हे वाक्य मी असंच ठेवलं. त्यानंतर आरोग्य केंद्रातून मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी मोफत देणं आणि वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन (मूत्रपिंडं बिघडू लागली की दिसणारं प्रथिन) आणि पाय तपासणं सुरू झालं. जेनेरिक मेटफॉर्मिन इतकी स्वस्त आहे की लेखा विभागाने त्यावर प्रश्नसुद्धा विचारला नाही.

ईएसआय असलेल्यांची अडचण वेगळी, दवाखान्यात जायला अर्धा दिवस मोडतो आणि रोजंदारी जाते. महिन्यातून एक अर्धी पगारी सुट्टी मागितली. ती अजून मिळालेली नाही.

क्रेनवरचा माणूस

तपासणीत एक क्रेन ऑपरेटर सापडला. सेफ्टी विभागाने लगेच मागणी केली, मधुमेह असलेल्या सगळ्यांना क्रेन आणि फोर्कलिफ्टवरून खाली उतरवा. करार नुकताच झालेला, आणि पहिल्याच महिन्यात तो मोडायची वेळ.

इथे औषधाचं ज्ञान उपयोगी पडतं. क्रेनवर धोका असतो तो साखर अचानक उतरून चक्कर येण्याचा. नुसत्या मेटफॉर्मिनने ती तशी सहसा उतरत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांनी आणि इन्सुलिनने उतरू शकते, त्यातही जेवण चुकलं तर, आणि तिसऱ्या पाळीत जेवण चुकतंच. त्यामुळे प्रश्न "मधुमेह आहे का" असा विचारायचा नसतो, "कुठलं औषध चालू आहे, साखर कधी उतरली होती का, दिसतं नीट का" असा विचारायचा असतो. पूर्वी साखर न उतरवणाऱ्या नव्या गोळ्या महाग पडायच्या. व्हिल्डाग्लिप्टिनचं पेटंट २०१९ च्या अखेरीस आणि सिटाग्लिप्टिनचं २०२२ मध्ये संपल्यापासून त्यांच्या किमती बऱ्याच खाली आल्या आहेत, म्हणून पर्याय हातात आहे. त्या ऑपरेटरला मेटफॉर्मिन आणि सिटाग्लिप्टिनवर ठेवलं, नजर तपासली, आणि तो क्रेनवरच राहिला. माझ्या मते संपूर्ण कार्यक्रमात लोकांचा विश्वास बसला तो या एका निर्णयाने. पाकिटं, कुलपं वगैरे सगळं ठीक. पण क्रेनवाला क्रेनवरच आहे, हे शॉपमधून रोज मान वर करून दिसत होतं.

झुंबा आणि उसळ

वेलनेस म्हणून आधी जे काही चालायचं ते ऑफिस मजल्यावर : झुंबाचं सत्र, पावलं मोजायची स्पर्धा, विजेत्याला गिफ्ट व्हाउचर. मशिन शॉपमधला माणूस आठ तास उभा असतो, त्याला पावलांची स्पर्धा हा विनोद वाटतो. आणि असल्या सरसकट कार्यक्रमांनी फारसं काही साधत नाही हे अमेरिकेत नीट तपासून झालं आहे. एका मोठ्या गोदाम-विक्री साखळीच्या १६० ठिकाणी चिठ्ठ्या टाकून काही ठिकाणी वेलनेस कार्यक्रम दिला, काही ठिकाणी दिला नाही; सुमारे ३३,००० कर्मचारी. २०१९ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. दीड वर्षानंतर लोक आपण व्यायाम करतो, वजनावर लक्ष ठेवतो असं जास्त सांगत होते, पण रक्तदाब, साखर, गैरहजेरी, वैद्यकीय खर्च यांत फरक नव्हता.

नुसत्या तपासणीचंही तसंच. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या आसपास ४० ते ६९ वयाच्या सुमारे २०,००० धोक्यातल्या लोकांवर अभ्यास झाला. मधुमेहासाठी तपासणीला बोलावलेल्या गटात दहा वर्षांच्या आसपास मृत्यूचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही. तिथे गावातला डॉक्टर एरवीही माणसाला ओळखतो आणि निदान लवकर होतं. आपल्याकडे तसं नाही, म्हणून तो निकाल जसाच्या तसा इथे लावता येत नाही. पण तपासणीच्या फोटोंवर खूश होणाऱ्यांनी तो वाचावा.

आपल्याकडचा पुरावा वेगळं काही सांगतो, आणि तो नोकरदारांवरच केलेला आहे. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये ५३१ जणांचा निकाल छापला. सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे. तीन वर्षांत नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, आहार आणि चालण्याकडे पाठपुराव्याने लक्ष दिलेल्यांत ३९.३ टक्क्यांना. नंतर २०१३ मध्ये त्यांनीच ५३७ कामगार-कर्मचारी पुरुषांचा अभ्यास मांडला, त्यात एका गटाला फक्त मोबाइलवर नियमित संदेश पाठवले. दोन वर्षांत संदेश न मिळालेल्यांत २७ टक्के, मिळालेल्यांत १८ टक्के मधुमेही झाले. दोन्हीकडे सगळ्यांसाठी सगळं केलं नव्हतं. धोक्यातली माणसं आधी निवडली होती आणि मग त्यांना सोडलं नव्हतं. आम्ही संदेशांची कल्पना उचलली, वेळ पाळीप्रमाणे बदलली. तिसऱ्या पाळीवाल्याला दुपारी बाराला "फिरायला जा" असं सांगण्यात अर्थ नाही, तो झोपलेला असतो.

खरी लढाई कॅन्टीनमध्ये झाली. जुन्या फॅक्टरी कायद्यात २५० च्या वर, आणि नव्या संहितेत १०० किंवा जास्त कामगार असले की कॅन्टीन लागतं आणि ते चालवायला कामगारांचे प्रतिनिधी असलेली कमिटी असते, म्हणून मी कमिटीच्या बैठकीत जाऊन बसलो. नाश्त्याची पाटी वाचून दाखवली : सोमवारी पोहे, मंगळवारी उपमा, बुधवारी साबुदाणा खिचडी, शुक्रवारी शिरा, शनिवारी वडापाव. एकाही दिवशी डाळीचं, अंड्याचं काही नाही. कंत्राटदार म्हणाला, या दरात उसळ परवडत नाही. ताटामागे दोन रुपये वाढवून मिळाले. मटकीची उसळ आठवड्यातून दोनदा आली, उकडलेली अंडी आली, त्यावर माळकरी मंडळींनी वेगळं टेबल मागितलं, तेही झालं. रात्री दोनच्या जेवणात भाताची वाटी लहान करायचा प्रयत्न मात्र सपशेल फसला. पहिल्याच रात्री लोकांनी वाट्या परत पाठवल्या. मग वाटी तीच ठेवली आणि ताटात आधी उसळ-कोशिंबीर वाढून भात शेवटी वाढायचा, असं केलं. यावर कुणी हरकत घेतली नाही.

बिनसाखरेचा चहा करून साखर बाजूला ठेवायची, यावर तर युनियनच्या निवडणुकीत प्रचार झाला. शेवटी दोन थर्मास ठेवले. बिनसाखरेचा आधी तसाच परत जायचा, आता अर्धाअधिक संपतो. खंडेनवमीला मशिनपूजेचे पेढे, प्रॉडक्शनचा विक्रम झाला की पेढे, कुणाला मुलगा झाला की पेढे. त्याविरुद्ध मी तोंड उघडलेलं नाही आणि उघडणारही नाही.

सध्या

अण्णांची जखम भरायला दोन महिने लागले. त्या काळात पायावर भार येऊ नये म्हणून त्यांना टूल रूममध्ये बसून काम दिलं. दाखल्यावर "उभं राहून काम नको" एवढीच अट. डोळ्यांच्या पडद्यावर सुरुवातीचे बदल दिसले, उपचार लागण्याइतके नाहीत. पायाची संवेदना परत आलेली नाही, ती येईल असं मी त्यांना सांगितलेलंही नाही. रोज रात्री बायको त्यांचे तळवे बघते आणि सकाळी बूट घालण्याआधी ते आत हात फिरवून बघतात. एचबीए१सी ७.२ वर आली आहे. तिसरी पाळी तीन आठवड्यांतून एकदा, भत्त्यासकट, चालू आहे. नवीन पोरांना ते स्वतःहून सांगतात, त्यामुळे आमच्या फोनपेक्षा त्यांच्या सांगण्याने जास्त लोक येतात.

व्यवस्थापनाने वर्षअखेरीस विचारलं, यातून कंपनीचे किती वाचले? मी तसा आकडा द्यायला नकार दिला. एका वर्षात तो काढता येत नाही आणि काढला तर तो खोटा असेल. त्याऐवजी दोनच गोष्टी दर तिमाहीला सांगायचं कबूल केलं : निदान झालेल्यांपैकी किती जण दोन आठवड्यांत डॉक्टरला भेटले, आणि किती जण तीन महिन्यांनी पुन्हा चाचणीला आले. पहिला आकडा बरा आहे. दुसरा कायम कामगारांत बरा आणि ठेकेदाराच्या माणसांत वाईट आहे, कारण तीन महिन्यांनी त्यांतली बरीच माणसं या कारखान्यात नसतातच. सात-आठ महिन्यांत ठेका बदलतो, माणूस चाकणला किंवा रांजणगावला जातो, आणि तिथे पुन्हा पहिल्यापासून टोकन, रांग, रक्त.

त्यासाठी एक साधं कार्ड छापायचं चाललं आहे. त्यावर तारखा, आकडे, चालू गोळ्या. ते माणसाच्याच खिशात राहील आणि पुढच्या ठिकाणी दाखवायचं की नाही हे तोच ठरवेल. नव्या ठेक्याच्या करारात दोन अटी घालायच्या आहेत : तपासणीत काही निघालं म्हणून माणूस परत पाठवायचा नाही, आणि महिन्यातून एकदा ईएसआयच्या दवाखान्यासाठी अर्धा दिवस पगारी द्यायचा. पहिली अट दोन्ही ठेकेदारांनी मान्य केली आहे. दुसरीवर एकाची सही झाली, दुसरा दर वाढवून मागतो आहे.